अभिरक्षक पिंगुळीला राहतात

प्रति,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य विभाग,
तसेच मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : श्री. परशुराम विश्राम गंगावणे यांचा सत्कार न करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

विषयाची ओळ वाचून आपल्या कार्यालयातल्या कुणी हे पत्र तक्रारींच्या गठ्ठ्यात ठेवलं असेल, तर माझी हरकत नाही. तक्रार थोडी आहेच. पण ती गंगावण्यांबद्दल नाही. खरं सांगायचं तर बरीचशी माझ्याबद्दलच आहे, ते पुढे येईल.

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून जगभर पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी एखादं व्याख्यान होतं, कुठे छोटं प्रदर्शन लागतं आणि कार्यक्रमाला वजन यावं म्हणून कुणा ज्येष्ठाला बोलावून शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह दिलं जातं. यंदा कुणाला बोलवायचं असा प्रश्न निघाला की कुणीतरी म्हणणार, "ते सिंधुदुर्गातले पद्मश्री आहेत ना, बाहुल्यांचे?" म्हणून आधीच लिहिते आहे. कृपा करून बोलावू नका. मे महिना कोकणात शाकारणीचा. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे बघायचे, वाळवी कुठवर चढली ते तपासायचं. मिरग तोंडावर आलेला असतो. ज्या माणसाच्या छपराखाली एका जमातीच्या पोथ्या आणि बाहुल्या आहेत, त्याला ऐन शाकारणीत मुंबईला आणून एसी सभागृहात पहिल्या रांगेत तीन तास बसवायचं, यात मान कसला?

ज्यांना हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. कुडाळपासून जवळच, महामार्गालगत पिंगुळी आहे. बाहेरचे लोक बहुतेक राऊळ महाराजांच्या मठात जातात आणि परततात. त्याच गावात गुढीपूर ही ठाकर आदिवासींची वस्ती आहे. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयानं वाढलेल्या कला इथल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या. चित्रकथी (चित्रांची पानं दाखवत गाऊन सांगायची कथा), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, पांगुळ, पोवाडा, गोंधळ, राधानृत्य, फुगड्या. ठाकर मंडळी एकूण अकरा कला मोजतात. संस्थान गेलं, देवळाच्या उत्सवात खेळ लावणारे हात आखडले, मग सिनेमा आला, टीव्ही आला. खेळ करून पोट भरेना तेव्हा माणसं दुसऱ्या कामांना लागली. पोथ्या माळ्यावर गेल्या. काही विकल्या गेल्या. कोण कुठून आलं, किती पैसे देऊन काय घेऊन गेलं, याच्या पावत्या कुणी ठेवल्या नाहीत. विकणाऱ्यानंही नाहीत आणि घेणाऱ्यानं तर नाहीतच.

गंगावण्यांनी विकलं नाही. २००६ साली त्यांनी घरचा गुरांचा गोठा रिकामा करून त्यात संग्रहालय मांडलं आणि नाव ठेवलं 'ठाकर आदिवासी कला आंगण'. पोथ्या, बाहुल्या, वाद्यं तिथे आली. पाहायला येणाऱ्यांपुढे खेळ होऊ लागले, शिकायला येणाऱ्यांना शिकवणं सुरू झालं, पुढची पिढी त्याच अंगणात हाताखाली तयार झाली. २०२१ च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचं नाव आलं. विभाग 'कला', राज्य महाराष्ट्र.

माझं बोट त्या 'कला' या शब्दावर आहे. ते कलावंत आहेत यात वादच नाही. पण कलावंत म्हणून गौरवलं की आपली सुटका होते. कलावंताला टाळ्या द्यायच्या असतात, एखादा कार्यक्रम द्यायचा असतो, फार तर मानधन. त्यांनी दुसरं जे काम केलं त्याला आपल्या खात्यात रीतसर नाव आहे, पदनाम आहे, वेतनश्रेणी आहे. वस्तू गोळा करणं, ओळखणं, जपणं, मांडणं आणि तिचा अर्थ येणाऱ्याला सांगणं, हे करणाऱ्याला जग क्युरेटर म्हणतं. आपल्या आकृतिबंधात त्याला 'अभिरक्षक' म्हणतात. किती सुंदर शब्द आहे! शासकीय परिभाषेत इतका नेमका शब्द क्वचित सापडतो. रक्षक म्हणजे दारावरचा. अभिरक्षक म्हणजे चहूबाजूंनी राखणारा.

या पदाला पदवी लागते, पदविका लागते, अनुभवाचा दाखला लागतो. लागू दे. माझा त्याला विरोध नाही. बिनाशिक्षणाचे हात जुन्या कागदाला लागले तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पण शिकलेले हात लागले तर काय होतं, तेही पाहिलेलं आहे. आता ते सांगते.

मी सव्वीस वर्षं एका संग्रहालयाच्या भांडारात काम केलं. नाव सांगत नाही. तिथल्या माणसांनी मला काम शिकवलं आहे आणि जे झालं ते त्या काळात सगळीकडेच होत होतं. माझं काम कागदाचं. खळ शिजवणं, त्यात मोजून मोरचूद घालणं, फाटक्या कडांना टिश्यू लावणं, कसर लागलेली पानं वेगळी करणं, ब्रशनं एकेक किडा टिपणं. मी अभिरक्षक नव्हते. अभिरक्षकांची मदतनीस होते. नव्वदच्या दशकात एकदा लोककलेच्या प्रदर्शनासाठी चित्रकथीची काही पानं भांडारातून वर आली. जाड, हातकागदासारखी, मातकट लाल आणि निळ्या रंगांची. मोठाल्या डोळ्यांची माणसं, सगळी एका बाजूनं पाहिलेली, रथ, घोडे, धनुष्यं. मी कोकणातली असूनही तोवर ही चित्रं कधी हातात घेतली नव्हती.

चित्रकथीचं पान कसं असतं ते आपल्यापैकी काहींना माहीत असेल. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे एका पानाला दोन चेहरे. एका कथेची सगळी पानं मिळून होते ती पोथी. वाचायची नव्हे, दाखवायची पोथी. कथेकरी पान उभं धरतो, गातो, सांगतो, आणि प्रसंग संपला की पान उलटतो किंवा पुढचं घेतो. साथीला वीणा, टाळ, हुडुक. चित्र सुटं नसतंच. आधीच्या चित्रानं ते पेरलेलं असतं आणि पुढचं चित्र त्याची वाट बघत असतं. बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख येतो, इतकी ही रीत जुनी.

आम्ही काय केलं? आम्ही ती पानं फ्रेम केली. माऊंटबोर्ड कापला, मागे हार्डबोर्ड, पुढे काच. काम फार नीट झालं, माझ्या खळीला एक सुरकुती नव्हती. प्रत्येक पानाची जी बाजू जास्त चांगली राहिली होती ती पुढे आणि दुसरी भिंतीकडे. दाखल नोंदवहीत ज्या क्रमानं पानं चढली होती त्या क्रमानं ती भिंतीवर लागली. नोंदवहीतला क्रम कुणी लावला होता? बहुधा ज्या दिवशी गठ्ठा आला त्या दिवशी तो ज्या कारकुनाच्या हातात पडला त्यानं. खाली चिठ्ठी होती: 'चित्रकथी, कागदावर जलरंग, १९वे शतक, चित्रकार अज्ञात.' प्रदर्शन संपलं. फ्रेमा तशाच भांडारात गेल्या. मी निवृत्त होईपर्यंत त्या फ्रेमांतच होत्या. म्हणजे निम्मी चित्रं इतकी वर्षं काळोखात हार्डबोर्डाला नाक लावून उभी होती. त्यांना तसं उभं करणारे हात माझे होते.

निवृत्त झाल्यावर एका मे महिन्यात माहेरी गेले असताना मी पिंगुळीला गेले. फोनमध्ये त्या फ्रेमांचे फोटो होते. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाबांना ते दाखवले. त्यांनी चष्मा लावला, फोटो पाहिला आणि बोलले काहीच नाहीत, सरळ गायलाच लागले. दोन ओळी, चार ओळी. मग थांबले. "फुडचां पान खंय आसा?" मी पुढचा फोटो सरकवला. त्यांनी मान हलवली. हे पुढचं नव्हे, हे बऱ्याच नंतरचं. मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी माझा फोन हातात घेतला आणि उलटा केला. मागची बाजू बघायला. हाताची सवय! फोनची काळी पाठ दिसली तसे स्वतःच खळखळून हसले. फ्रेम म्हणजे काय केलंय ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अर्धी गोष्ट भितीक लावलास तुमी." रागानं नाही. आपण शेजाऱ्याला त्याची खिडकी उघडी राहिल्याचं सांगतो तसं.

आता आपणच विचार करा, त्या पानांचा खरा जाणकार कोण? सव्वीस वर्षं त्यांना वाळवीपासून वाचवणारी मी, की चार सेकंदांत क्रम चुकल्याचं सांगणारे ते बाबा? माझं उत्तर असं की दोघंही. पण आमची गाठ पडायला माझी निवृत्ती यावी लागली. गंगावण्यांच्या अंगणात ही गाठ रोज पडते. तिथे पोथी आहे आणि पोथी गाणारा गळाही आहे, दोन्ही एका छपराखाली. शासनाच्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयाला, अगदी १८६३ पासून उभ्या असलेल्या नागपूरच्या अजबबंगल्यालाही, ही गोष्ट पैशानं विकत घेता येणार नाही.

जाता जाता गोठ्याबद्दल. वर्तमानपत्रांत 'गोठ्यात संग्रहालय' असं कौतुकानं आणि थोड्या कणवेनंही छापलं जातं. कागदाचं काम केलेली बाई म्हणून सांगते, कोकणातला जुना गोठा कागदाला वाटतो तितका वाईट नसतो. जाड भिंती, वर कौल, वारा खेळता. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दमटपणा टळत नाहीच. पण कागदाला दमट हवेइतकीच घातक असते ती सारखी बदलणारी हवा. सकाळी दहाला एसी चालू, संध्याकाळी कार्यालय सुटलं की बंद, रात्रभर घाम, पुन्हा सकाळी कोरडं. कागद रोज फुगतो आणि आकसतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. असं वेळापत्रक असलेली भांडारं आपल्या राज्यात किती आहेत, हे आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तेव्हा कणव थोडी आपल्यासाठीही राखून ठेवू या.

हे पत्र लिहिताना मला पुन्हा पुन्हा दिनकर केळकरांची आठवण येते. (त्यांच्या संग्रहालयात मी नोकरी केलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.) पुण्यातल्या त्या माणसानं गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्‍या, दरवाजे, वाद्यं जमवली, गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रहालय उभं केलं आणि शेवटी सगळं शासनाच्या हाती सोपवलं. १९८० साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. आज कुणी त्यांना 'अडकित्ते गोळा करणारे' म्हणत नाही. महाराष्ट्रानं त्यांना संग्रहालयाचा माणूस म्हणून मानलं. त्यांचं कवी म्हणून टोपणनाव 'अज्ञातवासी'. चित्रकथीच्या चिठ्ठीवरचा 'अज्ञात' वाचला की मला ते नाव आठवतं आणि वाटतं, एकानं अज्ञातवास स्वतः निवडला, दुसऱ्यांवर तो आपण लादला. केळकरांनी दुसऱ्यांच्या घरातलं वाचवलं. गंगावण्यांनी स्वतःच्या घरातलं घरातच ठेवून वाचवलं. माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड आहे. दुसऱ्याच्या घरातलं टाकाऊ आपल्याला मौल्यवान वाटतं. स्वतःच्या घरात, दारिद्र्यात, शेजारी हसत असताना, पोरांच्या शाळेची फी उभी असताना माळ्यावरचा गठ्ठा मौल्यवान मानून त्याच्यासाठी गुरांची जागा मोकळी करायची, हे कुठल्या पदविकेत शिकवतात?

'अज्ञात' या शब्दावर अभ्यासक मला अडवतील. पिंगुळीच्या जुन्या पोथ्या ठाकरांनीच रंगवल्या की वेगळ्या चितार्‍यांनी रंगवून दिल्या, यावर वाद आहे. 'पैठण शैली' म्हणून ओळखली जाणारी चित्रं आणि पिंगुळीची चित्रं यांत नातं किती आणि फरक किती, यावरही आहे. असू दे. चित्रकार अज्ञात असेल, पण कथेकरी अज्ञात नाही, घर अज्ञात नाही, गाव अज्ञात नाही. ज्या चिठ्ठीवर 'पिंगुळी, ठाकर चित्रकथी, अमुक कथेतला तमुक प्रसंग, दुसऱ्या बाजूला अमुक' असं लिहिता येतं, तिथे आपण एकच शब्द लिहून मोकळे होतो. शोधून सापडलं नाही तरच 'अज्ञात' लिहावं. आपण तर विचारलंही नाही.

म्हणून माझं मागणं सत्काराऐवजी दुसरंच आहे. राज्याच्या संग्रहालयांत, विश्वस्त संस्थांकडे, जिथे जिथे चित्रकथीची पानं आहेत तिथल्या प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंचे चांगले फोटो काढून पिंगुळीला पाठवा. फ्रेमा उघडाव्या लागतील. उघडा. मी येईन हाताखाली, मानधन नको, फक्त टेबलाला उजेड चांगला द्या. तिथे जी माणसं ही पानं गाऊ शकतात ती आता साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत. त्यांना फोटो दाखवून क्रम लावून घ्यायचा, प्रसंग ओळखून घ्यायचा आणि गाताना आवाज टिपून ठेवायचा. हे काम मुंबईहून आलेल्या पथकानं दोन दिवसांत उरकायचं नाही. वस्तीतल्याच शिकलेल्या मुलामुलींना पगार देऊन करून घ्यायचं, आणि या कामाचे अभिरक्षक म्हणून कागदावर नाव घालायचं ते परशुराम गंगावणे यांचं. 'विशेष निमंत्रित' म्हणून नको, 'समाजाचे प्रतिनिधी' म्हणूनही नको. अभिरक्षक म्हणून. आपल्या शासन निर्णयांत 'बाब' नावाचा जो रकाना असतो त्यात हा एक शब्द बसवणं अवघड नसावं.

पानं परत करा असं मी म्हणत नाही. त्यावर कधीतरी बोलावं लागेल, जगभर बोललं जातंय, पण ते आजचं मागणं नाही आणि ते मागायचं की नाही हे ठरवणारी मी कोण? मी फक्त एवढंच म्हणते की आपल्याकडे काय आहे ते ज्यांचं आहे त्यांना दाखवा तरी. वस्तू जमवणाऱ्याकडे यादी असते, पण ज्यांच्या घरून ती गेली त्यांना ती यादी कधीच बघायला मिळत नाही, हा संग्रहालयांचा जुना रोग आहे.

आणखी एक, जे आपल्या विभागाचं नाही असं आपण म्हणाल. पण शासन एकच आहे ना? त्या अंगणाच्या नावात 'आदिवासी' हा शब्द आहे. तो पाटीवर लिहिणं सोपं, कागदावर सिद्ध करणं किती कठीण, ते सिंधुदुर्गातल्या ठाकर घरांना विचारा. अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर-ठाकर होते, पण काही ठरावीक भागांपुरते. आपला भाग त्यात नव्हता. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानं ती क्षेत्रमर्यादा उठली. पडताळणीचा जाच मात्र उठला नाही. दाखला घेऊन गेलेल्या मुलाला जात पडताळणी समितीपुढे विचारतात, तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, मयतीला काय करता, गाणी कोणती. याला ॲफिनिटी टेस्ट म्हणतात. शिकायला शहरात वाढलेल्या पोराला आजोबांची गाणी आली नाहीत की तो संशयित. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, आणि तेही महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्याच प्रकरणात, ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे असं स्पष्ट सांगितलं. सांगावं लागलं, हेच बोलकं आहे.

आता यातली गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. शासनाचा एक हात ठाकरांची गाणी जपल्याबद्दल पद्म देतो आणि दुसरा हात ठाकरांच्या पोराला म्हणतो, गाणी म्हणून दाखव, नाहीतर तू ठाकर नाहीस. त्या समितीच्या दक्षता पथकाला हवी असलेली सगळी उत्तरं गुढीपूरच्या एका गोठ्यात मांडून ठेवलेली आहेत, कुणीही जाऊन पाहावीत. माझी आपल्याला विनंती आहे की आदिवासी विकास विभागाशी आपण एकदा या विषयावर बोलावं. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं स्वतःचं संग्रहालय आहे. त्या संस्थेला आणि आपल्या संचालनालयाला पिंगुळीच्या अंगणात एका चटईवर बसवता आलं, तर माझ्या मते तो कुठल्याही स्मृतिचिन्हापेक्षा मोठा कार्यक्रम होईल. पहिली रांगच नसते तिथे. सगळे गोल बसतात.

पैशाचं काय, असं आपण विचाराल. फार लागत नाहीत. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वर्षातून दोनदा, आपल्या रसायन शाखेतला एक जाणकार माणूस तिथे चार दिवस राहिला, आम्लमुक्त कागदाचे ठाण आणि पेट्या घेऊन गेला, वस्तीतल्या दोघा-तिघांना टिश्यू लावायला आणि कसर ओळखायला शिकवून आला, तर पुढची पंधरा-वीस वर्षं निघतील. आणि तो परतताना काहीतरी शिकून येईल. मी माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथे गेले असते तर त्या फ्रेमा मी तशा केल्या नसत्या.

मी गंगावण्यांना विचारून हे पत्र लिहिलेलं नाही. त्यांचं माझं नातं एवढंच की मी त्यांच्या अंगणात बसून खेळ पाहिला आहे. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लागला, अंगणात काळोख झाला, आणि चामड्यातून उजेड आरपार येऊन रावण केवढा तरी मोठा झाला. माझ्या शेजारी बसलेली एक छोटी मुलगी घाबरून आईच्या मांडीत शिरली आणि मग बोटांच्या फटीतून पाहत राहिली. मला भांडारातल्या आमच्या चामडी बाहुल्या आठवल्या. डांबरगोळ्यांच्या वासात, खणात, क्रमांक बांधून आडव्या निजलेल्या. किती तरी वर्षांत त्यांच्यातून उजेड गेला नव्हता.

आपल्याला यायचंच असेल तर मिरगाच्या आधी या. कोकण रेल्वेनं कुडाळला उतरलं की रिक्षा मिळते. 'बाहुल्यांचं म्युझियम' म्हटलं की रिक्षावाले नेतात. हार आणू नका, तिथे अंगणातल्या झाडाला फुलं असतात. भाषणाची वेळ ठेवू नका. एक पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बसून ऐका. घड्याळ बघावंसं वाटलं तर बघा, कुणी काही म्हणणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एका संग्रहालयाच्या भांडारातली निवृत्त मदतनीस
(माहेर कुडाळ तालुका)

ता. क. : येताना आपल्या भांडारातल्या पानांचे फोटो आणाल, तर दोन्ही बाजूंचे आणा. आणि शक्य असेल तर कागदावर छापून आणा. बाबांना पान उलटायची सवय आहे.